संस्कृतीतून वस्ती कशी उभी राहते: कार्यक्रमाआधी जागेचं बघा

प्रश्न असा होता की शहरं स्थानिक संस्कृतीच्या जोरावर वस्त्यांचा विकास खरंच करतात का, की एखादा महोत्सव भरवला, चार भिंती रंगवल्या की झालं. मी बरीच वर्षं महापालिकेच्या नागरवस्ती विकासाच्या कामात आहे, समूह संघटिकांबरोबर, म्हणजे वस्तीत गट बांधणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर, वस्त्या फिरायच्या, बचत गट, अंगणवाड्या, मंडळं, वॉर्ड ऑफिस, हेच रोजचं, त्यामुळे उत्तर लांबेल. पण विषय मनाजवळचा आहे म्हणून नीट लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संस्कृतीतून वस्ती उभी राहते, नक्की राहते, पण जिथं लोकांच्या ताब्यात एक कायमची जागा असते आणि तिची किल्ली वस्तीतच असते तिथंच. जागा नसेल तर कितीही मोठा महोत्सव करा, मांडव उतरला की सगळं संपतं. महापालिकांचा पैसा मात्र बहुतेक वेळा मांडवावर जातो, जागेवर जात नाही.

आता काही जण म्हणतील की हे महापालिकेचं कामच नाही, त्यांनी पाणी, रस्ते, कचरा बघावा. तसं नाहीये. ७४ व्या घटनादुरुस्तीनं (१९९२) जी बारावी अनुसूची आली त्यात नागरी संस्थांची १८ कामं दिलीत आणि त्यातलं तेरावं काम सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हेच आहे, त्याच्या आधीचं बारावं म्हणजे उद्यानं, मैदानं वगैरे सोयी. म्हणजे कागदावर संस्कृती आणि मैदान शेजारी शेजारी बसलेत. प्रत्यक्षात मैदान उद्यान विभागाकडे, समाजमंदिर मालमत्ता विभागाकडे, कार्यक्रम सांस्कृतिक विभागाकडे, आणि बचत गट आमच्याकडे, आणि हे चौघं एका टेबलावर बसलेत असं मी फार कमी वेळा बघितलंय.

उदाहरण म्हणून मी नेहमी कोल्हापूर सांगते. तिथल्या पेठांमधल्या तालमी बघा. बाहेरच्या माणसाला वाटतं तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आखाडा असतोच, हौदात लाल माती, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळलेली, भिंतीवर मारुतीराया, पहाटे पोरं जोर-बैठका मारतात. पण वर किंवा शेजारी एक हॉल असतो, बाहेर फळा असतो, त्यावर कुणाचं निधन, कुणाचं अभिनंदन, उद्या रक्तदान शिबिर, वर्गणीचा जमाखर्च, सगळं लिहिलेलं, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पेठेतली तीन पिढ्यांची माणसं बसलेली. तालमीचा गणपती असतो, तालमीची फुटबॉल टीम असते आणि काही तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा बसतात. २०१८, २०१९ च्या आसपास गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले तेव्हा बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पंजा एकाच छताखाली होते, आणि त्यासाठी कुणाला सद्भावना अभियान राबवावं लागलं नाही, तिथली ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे.

फुटबॉलचं तर विचारूच नका. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, ही सगळी टीमची नावं आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिथं. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालील वर्ल्ड कप झाला त्यात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. महाराष्ट्रात बाकी सगळीकडे क्रिकेट असताना एकाच शहरात फुटबॉल एवढा का रुजला याची कारणं बरीच सांगतात, पण मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की खेळाला घर होतं. पोरगं आधी तालमीचं असतं, मग खेळाडू होतं.

आणि हे आपोआप झालेलं नाही. राजर्षी शाहूंनी (राज्यकारभार १८९४ ते १९२२) कुस्तीला, नाटकाला, संगीताला आश्रय दिला हे सगळ्यांना माहितीय, पण तो आश्रय कसा दिला ते बघा. खासबागचं कुस्ती मैदान १९१२ चं, त्याला लागून पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, आणि १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं. त्यांनी नुसत्या बिदाग्या दिल्या नाहीत, त्यांनी जागा बांधल्या, आणि शंभर वर्षांनंतरही शहर त्या जागांवर उभं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा कोल्हापूरकरांना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. मला तर आपल्याकडच्या नगररचनेच्या कोर्समध्ये शाहू महाराजांच्या या कामावर एक आख्खा धडा असावा असं वाटतं.

मग विकासाचा संबंध कुठं आला? संकटात आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा, तेव्हा सरकारी यंत्रणा आणि एनडीआरएफ आपलं काम करतच होते, पण कुठल्या गल्लीत कोण म्हातारं माणूस वरच्या मजल्यावर अडकलंय, कुणाला इन्शुलिन लागतं, कुणाच्या म्हशी सोडवायच्या राहिल्यात, हे तालमीच्या आणि मंडळाच्या पोरांना माहीत होतं. जेवणाची पाकिटं कुठं करायची हा प्रश्नच नव्हता, मोठी भांडी तालमीत होती, आचारी ओळखीचे होते, वर्गणी गोळा करायची सवय होती. आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत ज्याला कम्युनिटी रिस्पॉन्स म्हणतात तो उभा करायला आम्ही ट्रेनिंगं घेतो, मॉक ड्रिल करतो, आणि इथं तो गणपतीच्या महाप्रसादातून तयार झालेला असतो.

पण हेही सांगितलं पाहिजे की याच तालमींच्या ईर्षेतून स्टेडियमवर हुल्लडबाजी होते, मारामाऱ्या होतात, सामने थांबवायची वेळ येते. आणि तालीम ही परंपरेनं पुरुषांची जागा आहे. पेठेतली बाई त्या कट्ट्यावर बसत नाही. म्हणून जिथं जिथं मंडळ किंवा तालीम हा आधार धरून काम करायचंय तिथं पहिल्याच दिवशी हे मान्य करायचं की अर्धी वस्ती या आधाराच्या बाहेर आहे, आणि तिच्यासाठी काय करणार ते आधी ठरवायचं. त्यावर पुढे येते.

जागा गेली की काय होतं ते बघायचं असेल तर मुंबईचं गिरणगाव, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगारांचा भाग, बघा. लालबाग, परळ, वरळी, नायगाव. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावकीच्या खोलीत राहायचा, भजनी मंडळ, दशावतार, नमन, शक्ती-तुरा, कबड्डी, व्यायामशाळा, गोविंदा, सगळं चाळीच्या गॅलरीत आणि खालच्या मोकळ्या पटांगणात. १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं ते याच कामगारांपुढं उभं राहिलं. त्याच्याही आधी ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि त्या संस्थेनं परळला नाट्यगृह, वाचनालय, रात्रशाळा असं एका आवारात चालवलं. आज ज्याला आपण कल्चर-बेस्ड कम्युनिटी डेव्हलपमेंट म्हणतो ते परळला शंभर वर्षांपूर्वी रोजचं होतं, कामगार दिवसपाळी करून रात्री शाळेत, आणि शनिवारी नाटकाला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार, तो फसला आणि गिरण्या बंद पडत गेल्या. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं खरा घाव नंतर बसला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ असा होता की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल असं झालं, म्हणजे गिरण्यांच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम ठेवला. सुमारे ६०० एकर जमिनीतून शहराला मैदानं, सभागृहं, शाळा मिळू शकल्या असत्या, तिथं मॉल आणि टॉवर आले. लालबागचा गणपती १९३४ चा, पेरू चाळीजवळच्या बाजारातल्या कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसातून बसलेला, तो आज देशभर प्रसिद्ध आहे, लाखो माणसं रांगेत उभी असतात, आणि त्याच भागात जन्मलेली मुलं विरार, डोंबिवली, बदलापूरला राहायला गेलीत आणि दहा दिवस लोकलनं येतात. उत्सव वाढला आणि त्याची वस्ती पांगली.

म्हणून सध्या बीडीडी चाळींचं जे चाललंय त्याकडे माझं फार लक्ष आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेच्या वर, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकासात तिथल्या बऱ्याच भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, आणि ती मिळायलाच हवीत, कॉमन संडासच्या रांगेत उभं राहण्यात कसलीही संस्कृती नाही, जे लोक चाळीचे गोडवे गात पुनर्विकासाला नाकं मुरडतात त्यांनी तिथं एक पावसाळा काढावा. पण टॉवरमध्ये जाताना गॅलरी जाते, आणि गॅलरी हीच तर तिथली मीटिंगची जागा होती. मग खालच्या मजल्यावर व्यायामशाळा, विहार, मंडळाची खोली, बालवाडी, महिलांची खोली, हे नकाशात कुठं आहे, त्याचा मेंटेनन्स कोण भरणार, ती सोसायटीच्या नावावर की ट्रस्टच्या, हे प्रश्न नकाशा मंजूर व्हायच्या आधी विचारले तरच त्यांना अर्थ आहे. खालच्या मजल्यांवर पार्किंग बांधून झाल्यावर विचारलं की बिल्डरही हात वर करतो आणि अधिकारीही.

बाहेरच्या देशातलं एकच उदाहरण देते, कारण ते सगळे देतात आणि निम्मंच देतात: कोलंबियातलं मेदेयीन. १९९१ मध्ये तिथं लाख लोकांमागे खुनांचं प्रमाण साधारण ३८० होतं, ड्रग्जच्या टोळ्या, डोंगरउतारावरच्या वस्त्या, पोलीसही वर जायचे नाहीत. २००४ मध्ये डोंगरावर जाणारी केबल कार सुरू झाली, सेर्हियो फाहार्दो त्याच वर्षी महापौर झाले, आणि त्यांनी ठरवलं की शहरातल्या सर्वांत चांगल्या इमारती सर्वांत गरीब वस्तीत बांधायच्या. त्यातून वाचनालय-उद्यानं आली, म्हणजे पुस्तकं, कॉम्प्युटर, नाटकाचा हॉल, बालवाडी, बाहेर चौक. आपल्याकडून अभ्यासदौऱ्यावर गेलेले लोक इथपर्यंत फोटो दाखवतात.

त्याच्या मागचं राहून जातं. त्या वस्त्यांमध्ये आधीपासून नाटकवाल्या, नाचवाल्या, हिप-हॉपवाल्या पोरांचे गट होते, हिंसाचाराच्या सगळ्यात वाईट काळातही ते टिकले होते, शहरानं नवीन काही आणलं नाही, त्यांना हाताशी धरलं. दुसरं म्हणजे महापालिकेच्या गुंतवणुकीच्या बजेटमधला सुमारे ५ टक्के वाटा लोकांनी भागनिहाय बैठकांत ठरवायचा अशी पद्धत आणली, आणि त्यातून सांस्कृतिक गटांना दरवर्षी पैसा मिळू लागला. तिसरं, पैसा कुठून आला? तिथली वीज-पाणी कंपनी शहराच्या मालकीची आहे आणि ती नफ्यातला वाटा शहराला देते. आपल्या महापालिकांना जीएसटीच्या भरपाईची वाट बघावी लागते, त्यामुळे मेदेयीनची इमारत इथं जशीच्या तशी उचलून आणता येत नाही. आणि इमारतीच म्हणाल तर त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध वाचनालय, स्पेनच्या नावाचं, २००७ मध्ये उघडलं आणि बांधकामातल्या दोषांमुळे पुढं कित्येक वर्षं बंद राहिलं. गट मात्र चालूच राहिले. तेरा नंबरच्या भागात २०११ मध्ये डोंगरावर सरकते जिने बसवले, पोरांनी भिंती रंगवल्या, आता तिथं पर्यटकांची इतकी गर्दी असते की रहिवाशांना आवाजाचा, धक्काबुक्कीचा त्रास होतो. रंगवलेल्या भिंतींवरून आपल्या अधिकाऱ्यांना स्फूर्ती मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. भिंत रंगवण्याला माझा विरोध नाही, पण ती कुणी रंगवली आणि पैसे कुणाला मिळाले ते मी आधी विचारते.

अनुदानाचं बोलायचं तर कलकत्त्याकडे बघा. तिथले पूजा-क्लब आपल्या मंडळांसारखेच, दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. राज्य सरकारनं २०१८ मध्ये प्रत्येक क्लबला १० हजार रुपये द्यायला सुरुवात केली, २०२४ मध्ये ती रक्कम ८५ हजारांवर गेली. क्लब खूश असणारच. पण सगळ्यांना सरसकट रोख पैसे दिले की मंडळाचं तोंड वस्तीकडून सरकारकडे वळतं, दारोदार वर्गणी मागायला जाण्याची गरज कमी होते, आणि वर्गणी मागायला दारात जाणं हेच तर ओळखीचं मूळ होतं! महाराष्ट्रानं २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलंय, तर आपणही हा धडा वेळेत घ्यावा. पैसा द्यायचाच तर कामाला द्या, मंडळ वर्षभर अभ्यासिका चालवतं तर तिचं वीजबिल भरा, व्यायामशाळेचं छत दुरुस्त करून द्या.

आता पुण्यातली एक गोष्ट, जी मला फार आशादायक वाटते. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. लाखो वारकरी. त्यांच्यासाठी महापालिकेच्या शाळा उघडतात, पाण्याचे टँकर, फिरते संडास, दवाखाना, मंडळांची पोरं जेवण वाढतात, पेठेतल्या वस्त्यांमधल्या बाया चुली मांडून देतात, ओळीनं न्हावी बसतात आणि फुकट दाढी करून देतात. म्हणजे शाळेची किल्ली रात्री लोकांना देता येते, शिपाई थांबतो, लाइट चालू राहते, सकाळी वर्ग झाडून स्वच्छ होतात. दोन रात्री जमतं तर वर्षभर संध्याकाळी सहा ते नऊ का नाही? वस्तीत जागा नाही असं प्रत्येक मीटिंगला ऐकते मी, आणि त्याच वस्तीच्या तोंडाशी पालिकेची तीन मजली शाळा संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असते. अभ्यासिका, भजन, लेझीम, गटाची मीटिंग, सगळं तिथं बसतं. अडचणी आहेत, शिपायाचा ओव्हरटाइम, तोडफोडीची भीती, मुख्याध्यापकांची जबाबदारी, पण या सोडवता येणाऱ्या अडचणी आहेत.

बायकांचं मघाशी म्हटलं ते आता सांगते. एका वस्तीत, शहराचं नाव नको, समाजमंदिर होतं, चांगलं पक्कं, टाइल्सचं, आणि किल्ली एका कार्यकर्त्याच्या घरी. वाढदिवस आणि निवडणूक असली की उघडायचं. बचत गटाच्या बाया देवळाच्या पायरीवर बसून हिशोब लिहायच्या. आम्ही आधी गटाच्या नावानं जागा मागितली, तर उत्तर मिळालं की बघू. मग भजनी मंडळाच्या बायका पुढं झाल्या. एकादशीचं भजन आहे, पावसाचे दिवस आहेत, बाहेर कुठं बसायचं? भजनाला नाही म्हणणं त्या कार्यकर्त्याला शक्य नव्हतं, त्याची आईच टाळ वाजवायची. एकादशी महिन्यातून दोनदा येते, त्या दोनदा बसायला लागल्या, मग किल्ली रखमाबाईंकडे राहायला लागली (नाव बदललंय), कारण दरवेळी मागून आणायचा कंटाळा. भजन संपल्यावर अर्धा तास गटाची मीटिंग. त्याच अर्ध्या तासात सार्वजनिक संडासाचा विषय निघाला, कडी नाही, लाइट नाही, रात्री मुली जात नाहीत. आरोग्य निरीक्षकाला एकादशीलाच बोलावलं, आला बिचारा, आधी अभंग ऐकला, प्रसाद घेतला, मग तीस-चाळीस बायांसमोर त्याला तारीख द्यावी लागली. तक्रार अर्ज आम्ही त्याआधीही दिले होते. फरक एवढाच पडला की आता त्याला माहीत होतं, पुढच्या एकादशीला या सगळ्या जणी परत इथंच बसणार आहेत.

हे मी नव्या समूह संघटिकांना फार सांगते, की गट बांधायला नवीन निमित्त शोधू नका. वस्तीचं स्वतःचं कॅलेंडर असतं. एकादशी, हळदी-कुंकू, उरूस, जत्रा, मेरीमातेचा सण, पंजे, आणि १४ एप्रिल. आंबेडकर जयंती पहिल्यांदा सार्वजनिकपणे साजरी झाली ती पुण्यातच, १९२८ मध्ये, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केली, आणि आज कितीतरी ठिकाणी जयंतीच्या निमित्तानं पोरं सलग १८ तास अभ्यासाला बसतात. डीजेच्या भिंतीवर टीका करणाऱ्यांना हे १८ तास दिसत नाहीत. मी बघितलेल्या चांगल्या अभ्यासिकांपैकी बऱ्याच याच वस्त्यांमधल्या आहेत, बुद्धविहाराच्या खोलीत चालणाऱ्या, एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं तिथं झोपतातही. ही संस्कृती महापालिकेच्या सांस्कृतिक धोरणात लिहिलेली सापडत नाही, कारण धोरण लिहिणाऱ्यांच्या डोक्यात संस्कृती म्हणजे शास्त्रीय संगीत, नाट्यगृह आणि हेरिटेज वास्तू.

हेरिटेजचंही एक सांगते. अहमदाबाद महापालिकेनं १९९७ मध्ये जुन्या शहरातल्या पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्लीवजा मोहल्ल्यांमधून, सकाळची हेरिटेज वॉक सुरू केली, कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत, आणि वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते देशातलं पहिलं वर्ल्ड हेरिटेज शहर झालं. वीस वर्षं एकच गोष्ट सातत्यानं केली, हे मला त्यातलं सगळ्यात घेण्यासारखं वाटतं. पण हेरिटेजची पाटी लागली की जागांचे भाव वाढतात, आणि भाडेकरू आधी बाहेर पडतो. जुन्या पेठेत वाडा दुरुस्त झाला आणि त्यात कॅफे आला, पण खालचा कल्हईवाला, तांबट, बुरूड निघून गेला, तर संस्कृती जपली असं मी म्हणणार नाही. दक्षिण मुंबईत काळा घोडा कला महोत्सववाल्यांनी १९९९ पासून महोत्सवाच्या पैशातून परिसरातल्या वास्तू, रस्ते दुरुस्त केले, ते चांगलं काम आहे, पण तो राहत्या वस्तीचा भाग फारसा नाही, म्हणून वस्तीच्या कामाला ते मॉडेल तसंच्या तसं लागू होत नाही.

मग करायचं काय, हे विचारणाऱ्यांसाठी, मी कसं करते ते सांगते. पहिला महिना कुठलाही फॉर्म भरून घ्यायचा नाही. संध्याकाळी सातनंतर जायचं, कारण दुपारी वस्तीत फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतात. तीन गोष्टी विचारायच्या: लोक कुठं जमतात, त्या जागेची किल्ली कुणाकडे असते, आणि वर्गणी कुणाकडून घेत नाहीत. हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ज्यांच्याकडे वर्गणी मागायला जात नाहीत तेच त्या वस्तीत बाहेरचे धरलेले असतात, भाडेकरू, बिहार-यूपीकडून आलेले बांधकाम मजूर, वेगळ्या जातीची चार घरं, एकट्या राहणाऱ्या बाया. त्यांच्यापर्यंत मंडळ पोचत नसेल तर मंडळातून काम करून त्यांच्यापर्यंत योजना पोचणार नाही, तिथं वेगळी सोय करायलाच लागते.

मग जागेचा करार. तोंडी नाही, लेखी, निदान तीन वर्षांचा, आणि एका मंडळाच्या नावानं नाही तर चार-पाच गटांच्या समितीच्या नावानं, त्यात निम्म्या बायका, एक भाडेकरू, एक कॉलेजचं पोरगं. वेळापत्रक दाराबाहेर फळ्यावर. जमाखर्चही फळ्यावर, कोल्हापूरच्या तालमीसारखा, ऑडिट रिपोर्ट कुणी वाचत नाही पण फळा येता-जाता सगळे वाचतात. पैसे थोडे पण दर महिन्याला, वीजबिल, झाडलोट, सतरंज्या, एक माइक. मोठी रक्कम एकदम आली की भांडणं लागतात, हे मी इतक्या वस्त्यांत बघितलंय की आता कंपन्यांचा मोठा सीएसआर (समाजकार्याचा) निधी आला की मी तो हप्त्यानं द्या अशी विनंती करते. आणि वस्तीतल्या कलाकाराला मानधन द्यायचं. शाहीर, हलगीवाला, गोंधळी, बँडवाला, रांगोळी काढणारी मुलगी, यांना श्रीफळ-शाल आणि बाहेरून आणलेल्या इव्हेंट कंपनीला चेक, हे बंद झालं पाहिजे, मला याचा मनापासून राग येतो.

यश कसं मोजायचं असं अधिकारी विचारतात. किती लोक आले ते मोजू नका. सहा महिन्यांनी जाऊन बघा की जागा अजून उघडी असते का, कुणी न सांगता कुठला नवा उपक्रम सुरू झाला का, पहिल्या वर्षी ज्यांच्याकडे वर्गणी मागायला गेले नव्हते त्यांचं पोरगं अभ्यासिकेत बसतं का, आणि प्रभाग समितीच्या बैठकीत त्या वस्तीतून कुणी बोलायला उभं राहतं का.

सुरुवात कुठून करू असं वाटत असेल तर वॉर्ड ऑफिसमधून करा. तुमच्या प्रभागातली समाजमंदिरं, व्यायामशाळा, विरंगुळा केंद्रं, अभ्यासिका आणि बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या यांची यादी मालमत्ता विभागाकडे असते. सहज दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादीत प्रत्येक मिळकतीपुढं करार कुणाशी आहे, मुदत कधी संपते आणि सध्या वापर कशासाठी होतोय, हे तीन रकाने नक्की मागा. मुदत संपलेले करार हातात आले की मग भजनी मंडळाला आणि गटाला बरोबर घेऊन अर्ज करा, आणि हे शक्यतो दिवाळीच्या आधी उरका, कारण पुढच्या वर्षाच्या बजेटसाठी वॉर्डातून कामं साधारण त्यानंतर लगेच मागवायला लागतात आणि दुरुस्तीचा खर्च त्यात धरून घेता येतो.